ताइस्तोच्या पाठीवरची पट्टी

प्रिय ओइवा,

पाकिटावर माझं अक्षर बघून, आणि नाताळला अजून बराच अवकाश आहे हे लक्षात येऊन, तू आधी खुर्चीत बसला असशील. काळजी करू नकोस, तुझा भाऊ जिवंत आहे. आत्ता ताइस्तो खिडकीशी बसून तळ्यातले बोटभर मासे साफ करतोय, म्हणजे मासे बाजूला टाकतोय आणि आतडी नीट भांड्यात ठेवतोय. मी त्याला काही म्हणत नाहीये, कारण हे पत्र लिहून होईपर्यंत त्याचे हात कामात असलेले मला हवे आहेत. मागाहून मी ते निवडून घेईन.

दर नाताळला तुला कार्ड येतं, त्यावर दोघांची नावं असतात, आणि दोन्ही नावं माझ्याच हातची असतात, हे तू ओळखलं असशीलच. ताइस्तोलाही माहीत होतं. मी कार्ड टाकायला निघाले की तो चुलीत लाकूड सारायला उठायचा, म्हणजे मी कुठं चालले ते बघायला नको. या घरात दहा वर्षं तुझं नाव घ्यायची बंदी होती. लेखी काही नव्हतं, पण पाळली मात्र कसोशीने जायची. आता ती बंदी उठली आहे, आणि ती कशी उठली ते सांगायला मला औषधांपासून सुरुवात करावी लागेल. नुसता निरोप धाडला असता तर तू म्हणाला असतास, आत नेमकं काय चाललंय ते सांग. आईचं भिंतीवरचं घड्याळ उघडून तू परत जोडलंस, दोन चाकं हातात उरली आणि तरी घड्याळ चाललं, ही गोष्ट ताइस्तो अजून सांगतो. म्हणून आधी आतलं सगळं सांगते आणि निरोप शेवटी ठेवते.

सुरुवात शब्दांपासून झाली. आयुष्यभर ज्याने सामुद्रधुनीवरची दोरावर चालणारी फेरीबोट चालवली, तो माणूस फेरीला “ते पाण्यावरचं” म्हणायला लागला. मला वाटलं, निवृत्त झालाय, कंटाळलाय. मग तीन वर्षांपूर्वी, तळ्यावरचं बर्फ फुटलं त्या आठवड्यात, तो काठावर जाऊन बराच वेळ उभा राहिला आणि परत येऊन मला म्हणाला, “इर्या, आपला सौना कुठं गेला गं?” मी म्हटलं, हा काय अंगणात, परवाच त्यात बसून वाफ घेतली ना. “हा नाही. बाबांचा. धुराचा.” आणि मग अगदी सहज, जणू तू बाजूच्या खोलीत आहेस, “ओइवा पेटवायला गेलाय का?” दहा वर्षांनी ते नाव मी त्याच्या तोंडून ऐकलं.

ऐन उन्हाळ्यातल्या युहान्नुसच्या सणाच्या त्या संध्याकाळचं मी तुला काय सांगायचं, तू तिथंच होतास. तरी मी काय पाहिलं ते मी कधी लिहिलं नाही, तर आता लिहिते. तू गोथेनबर्गहून आला होतास आणि बाबांचा सौना या वेळी मीच तापवणार म्हणून हटून बसला होतास. ताइस्तोने तुला सांगितलं की धुराच्या सौनाला अर्धा दिवस लागतो, त्याला धुराडं नाही, निखारे बसेपर्यंत थांबावं लागतं. तू वाळकी लाकडं ठासून भरलीस. छताच्या काजळीला ठिणगी लागली, आणि आम्ही तळ्यातून बादल्या आणेपर्यंत बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. पूर्वी बाळंतपणं सौनातच व्हायची, तर तुम्ही दोघं ज्या बाकावर जन्मलात तो बाकही गेला. असे सौने दर उन्हाळ्यात कुणाचे ना कुणाचे जळतात, आणि लोक दुसरा बांधतात. पण ताइस्तो म्हणाला, “स्वीडनमध्ये बटण दाबलं की आग पेटते. इथं डोकं लागतं.” आणि तू म्हणालास, “तू आईसाठी थोडाच राहिलास इथं. या सौनाच्या काळ्या ओंडक्यांसाठी राहिलास.” आईचं शेवटचं सगळं अंथरुणात ज्याने केलं त्याला तू हे म्हणालास. भिजलेल्या बुटांनीच तू गाडीत बसलास. मी तेव्हा कुणाचीच बाजू घेतली नाही, आजही घेत नाही. तुम्ही दोघंही तेव्हा साठीच्या घरात होतात आणि दहा वर्षांच्या पोरांसारखे भांडलात.

तर, डॉक्टर. डॉक्टर तिर्रोनेन ही इथलीच पोर आहे, तिच्या आजीला तू ओळखायचास. तिने ताइस्तोला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, आकडे उलटे मोजायला सांगितलं, डोक्याचे फोटो काढवले, आणि मग आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं की अल्झायमर आहे, तो बरा होत नाही, पण औषध देता येतं. औषध नेमकं करतं काय, असं मी विचारलं. ती म्हणाली, डोक्यातली एक पेशी दुसरीला हाक मारते ती एका द्रवाच्या मार्फत. हाक पोचली की दुसरं एक द्रव्य येऊन तो द्रव झाडून टाकतं, म्हणजे पुढची हाक स्वच्छ ऐकू यावी. या आजारात हाक मारणाऱ्या पेशीच मरत जातात, मग द्रव कमी पडतो, आणि झाडणारा मात्र पूर्वीइतक्याच उत्साहाने झाडत राहतो. औषध त्या झाडणाऱ्याचा हात धरतं. जेवढा द्रव उरलाय तेवढा जरा जास्त वेळ टिकतो. ताइस्तोच्या चेहऱ्यावरून तिला कळलं की हे काही त्याच्यापर्यंत पोचलं नाही. मग ती म्हणाली, “घरी सौना आहे ना? आग बसली की काय करता?”

“झडप लावतो,” ताइस्तो म्हणाला, “नाहीतर ऊब धुराड्यातनं वर जाते.”

“तसंच आहे हे. लाकूड संपत आलंय. हे औषध नवं लाकूड घालत नाही, फक्त झडप लावतं.”

ताइस्तोला हे पटलं. मग म्हणाला, “आणि झडप लवकर लावली तर आत बसलेला माणूस गुदमरून मरतो.” डॉक्टर हसली आणि म्हणाली, म्हणूनच थोड्या डोसपासून सुरू करायचं आणि हळूहळू वाढवायचं. घरी येताना तो गाडीत खुशीत होता. पोरीला अक्कल आहे, म्हणाला.

पहिली होती ती गोळी. झोपताना एक. सोबतच्या कागदावर जे जे त्रास लिहिले होते त्यातलं बरंचसं आमच्याकडे आलं, ओळीने नाही, आपल्या सोयीने. आधी स्वप्नं आली. ती साधी स्वप्नं नव्हती. तरुणपणी तो नदीतून ओंडके वाहून न्यायच्या कामावर होता ते तुला आठवतं, तर तो रोज झोपेत ओंडक्यांवरून चालायचा. सकाळी मला सगळं तपशिलात सांगायचा, कुठल्या वळणावर ओंडके अडले, कुणी आकडा लावला, कोण पाण्यात पडलं. त्याला मजा येत होती. पायाखालचा ओंडका मी होते, त्यामुळे मला येत नव्हती. डॉक्टरने सांगितलं, गोळी सकाळी द्या. तशी दिली, आणि स्वप्नं गेली, पण पोट बिघडलं. तो द्रव काही एकट्या डोक्यात नसतो. पोटही त्यावरच चालतं, हृदयही, नाकसुद्धा, आणि गोळीवर आपण पत्ता लिहू शकत नाही. पोस्टात एवढी वर्षं काढलेल्या मला हे फार गैरसोयीचं वाटलं. तर त्याला जुलाब व्हायचे, पोटऱ्यांत गोळे यायचे, नाक दिवसभर गळायचं, आणि एका सकाळी त्याने कॉफीचा कप लांब सारला. वासच सहन होत नाही, म्हणाला. विसरणं मी एव्हाना पचवलं होतं. पण कॉफी नको म्हणणारा ताइस्तो बघून मी पहिल्यांदा घाबरले. त्याच्या विजारी सैल झाल्या, पट्ट्याला खिळ्याने नवी भोकं पाडावी लागली, आणि मग मी फोन करून सांगितलं की आठवणी राहून माझ्या नवऱ्याची नुसती हाडं उरली तर मला चालणार नाही.

मग आली पट्टी. औषध तशाच जातीचं, पण पोटात न जाता कातडीतून हळूहळू अंगात जातं, त्यामुळे पोट बिचारं बाजूला राहतं. सिर्कू नावाची नर्स ती लावायला शिकवायला घरी आली. या आजाराच्या लोकांसाठी आमच्याकडे वेगळी नर्स असते. ताइस्तो तिला विसरभोळ्यांची बाई म्हणतो आणि तिला ते चालतं. पट्टी पाठीवर वरच्या बाजूला लावायची, जिथं त्याचा स्वतःचा हात पोचत नाही, नाहीतर खाज आली की काढून टाकील. रोज वेगळ्या जागी लावायची, कारण कातडी लाल होते. जुनी काढल्याशिवाय नवी लावायची नाही, हे तिने मला इतक्यांदा बजावलं की मी चिडले. दोन पट्ट्या अंगावर राहून माणसं दवाखान्यात गेलेली आहेत, ती म्हणाली. “अंघोळ चालेल, पोहायलाही चालेल. गरम काही मात्र लागू देऊ नका. गरम पाण्याची पिशवी नको, उन्हात पाठ शेकत बसायचं नाही.” मी मान डोलावली. तळ्याच्या काठी उन्हात पाठ शेकायची चैन आम्हाला वर्षातून फार तर दोन आठवडे परवडते, त्यामुळे यात काही अवघड वाटलं नाही.

आणि पट्टीने काम केलं, ओइवा. कमी झालेलं सगळं परत आलं असं नाही, पण काही परत आलं. फेरीला तो फेरी म्हणू लागला. उर्पो, आमचा शेजारी, जाळी कशी चुकीची लावतो यावर त्याचं मत परत आलं. माझ्या सूपात मीठ कमी असतं हेही आलं, ते नसतं आलं तरी चाललं असतं. वजन वाढलं. कॉफी सुरू झाली. मी सिर्कूला केक करून दिला. आणि मग एके सकाळी तो काठावरून परत आला, टोपी काढली आणि म्हणाला, “इतके दिवस मी काय वेड्यासारखा तिथं बघत होतो? जळला ना तो. ओइवाने जाळला.” जे नाव तो दोन वर्षं अगदी मऊ आवाजात घेत होता, तेच नाव त्याने असं घेतलं की जणू दाराखालून थंडी आत आली. मग त्याने भिंतीवरचा तुमचा दोघांचा लहानपणचा फोटो काढला, त्यात तू त्याची मोठी टोपी घातलेला आहेस तो, आणि लाकडाच्या खोपीत नेऊन ठेवला. चुलीत घातला नाही, एवढं तुझ्या बाजूने सांगते.

दुसरंही एक परत आलं. आपण आजारी आहोत हे त्याला कळायला लागलं. आधी तो धुक्यात होता आणि धुक्यात तसा सुखी होता, हरवलेल्या वस्तूंचा दोष माझ्यावर टाकून मोकळा व्हायचा. आता तो कधी कधी वाक्याच्या मध्येच थांबायचा आणि माझ्याकडे बघायचा. एकदा अंगणात बंद गाडीत बसून रडताना मी त्याला पाहिलं. मी बाहेर गेले नाही. चाळीसच्या वर वर्षं मी त्याच्याबरोबर आहे आणि कुठं गेलेलं त्याला आवडत नाही ते मला कळतं. जेवताना तो म्हणाला, “मी येडा होत चाललोय ना, इर्या?” मी म्हटलं, हो, पण हळू. “हळूच बरं,” म्हणाला आणि बटाटा सोलत राहिला. त्या दिवसांत मला औषधाचा राग यायचा. डॉक्टरला मी तसं सांगितलंही. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, हे पुष्कळ घरांत होतं, आणि यावर माझ्याकडे पट्टी नाही.

या उन्हाळ्यात डोस वाढवला, मोठी पट्टी आली. आणि ऑगस्टमधल्या एका शनिवारी तो पडला. शनिवार होता म्हणजे आम्ही सौना तापवला होता, हे वेगळं सांगायला नको. उर्पो सॉसेज घेऊन आला होता आणि वाफ घेऊन झाल्यावर ओसरीत टॉवेल गुंडाळून बसला होता. आम्ही दोघं आत होतो. ताइस्तो वरच्या बाकावर, नेहमीसारखा. पट्टीच्या कडा वाफेने सुटतात म्हणून मी वरून दवाखान्यातली चिकटपट्टी लावून ती घट्ट बसवली होती. आपल्या हुशारीचं मला कौतुकही वाटलं होतं. त्याने तापलेल्या दगडांवर आणखी एक डाव पाणी टाकलं, अंगावर मारून घ्यायची डहाळ्यांची जुडी उचलली, म्हणाला, “आज बरं तापलंय,” आणि उतरायला म्हणून उठला तो पाय नसल्यासारखा खाली आला. ओठ पांढरे होते. मनगटाशी मला नाडी लागली ती इतक्या सावकाश की दोन ठोक्यांच्या मध्ये मला वाटायचं, झालं. उर्पोने आणि मी त्याला ओढत गवतावर आणलं. रुग्णवाहिका आली तेव्हा उर्पोचा टॉवेल कुठं तरी राहिला होता. रुग्णवाहिकेवरच्या मुलीने उर्पोला आधी कपडे घाला म्हटलं, तर म्हणाला, “माझी नाडी ठीक आहे, बाई, त्याची बघा.” तिने ताइस्तोला कुशीवर वळवलं, पाठीवर ती पट्टी बघितली, एका झटक्यात ओढून काढली आणि माझ्याकडे वर बघून म्हणाली, “ही लावून सौनात बसवलं?”

म्हणजे झालं असं होतं, की गरम कातडीतून औषध भराभर आत जातं, लहान पट्टी होती तोवर ते निभावलं. दिवसभराचं औषध त्याच्या अंगात त्या अर्ध्या तासात घाईने चाललं होतं, आणि हृदयाला हळू चालायला लावणं हा त्या औषधाचा एक गुणच आहे. वर सौनाने रक्तदाब खाली आणला. सिर्कू दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आली आणि माझ्या शेजारी बसली. मग म्हणाली, “मी गरम काही नको म्हणाले होते.” मी म्हटलं, म्हणाली होतीस. “मला वाटलं, सौनाचं सांगायलाच नको.” आणि मला वाटलं होतं, सौनाला हे लागूच नाही. तीही इथलीच, मीही इथलीच. गरम पाण्याची पिशवी गरम असते, चूल गरम असते. सौना म्हणजे शनिवार. दुसऱ्या कुठल्याही देशातल्या बाईने ही चूक केली नसती, आणि आम्ही दोघींनी मिळून केली. मी तिला कॉफी आणून दिली. तिच्यावर रागावण्यासारखं मला काही सापडलं नाही.

पट्टी काढल्यावरही नाडी पुरती सावरली नाही. हृदयाची स्वतःचीच चाल मंद होती, औषधाने ती आणखी ओढली होती, असं डॉक्टरने सांगितलं. तिने सगळं समोर मांडलं. औषध चालू ठेवायचं तर गळ्याच्या हाडाखाली एक छोटं यंत्र बसवावं लागेल, ते हृदयाला हलवत राहील. नाहीतर औषध कायमचं बंद. वेगळ्या जातीची एक गोळी आहे, ती नाडीच्या वाटेला फारशी जात नाही, पण चक्कर आणते, पोट जड करते, आणि आजार बराच पुढे गेला की तिचा उपयोग. ती पुढे बघू, म्हणाली. औषध बंद केलं तर काय होईल, हे ताइस्तोने स्वतः विचारलं, तेव्हा त्याचं डोकं अजून चालत होतं. ती म्हणाली, झडप उघडली जाईल. काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत, जे धरून ठेवलं होतं ते जाईल, आणि नंतर परत औषध सुरू केलं तरी सगळं परत येईलच असं नाही. “फेरीचं इंजिन बंद पडलं की आम्ही दोर हाताने ओढायचो,” ताइस्तो म्हणाला. “एक इंजिन चालवायला दुसरं इंजिन नको मला.” आणि मग, “शनिवारी सौनात जाता येईल ना?” पट्टी नसेल आणि नाडी जागेवर असेल तर जरूर, ती म्हणाली. “मग झालं तर.” मी शेजारी बसले होते आणि मध्ये पडले नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याची लाजही वाटली. दोन्ही मी घरी घेऊन आले.

त्याला आता काही आठवडे झाले. नाडी बरी आहे, भूक उत्तम आहे, नाक कोरडं आहे. बाकीचं जातंय. कुठलं आधी जाईल हे औषधाच्या हातात नसतं, पण सहसा अलीकडचं आधी जातं आणि जुनं मागाहून, असं डॉक्टर म्हणाली होती, आणि तसंच चाललंय. आधी दवाखाना गेला. मग उर्पोचा टॉवेल गेला. उर्पो ती गोष्ट त्याला दर खेपेला नव्याने सांगतो आणि ताइस्तो दर खेपेला नव्याने हसतो, त्यामुळे उर्पो सध्या फार खुशीत आहे. मग मागच्या आठवड्यात तो काठावर गेला, परत आला आणि टोपी हातात धरून दारातच म्हणाला, “सौना कुठं गेला गं? बाबांचा?” मी थांबले, पुढचं येतंय का बघायला. पुढचं आलं नाही. आग गेली होती, ओइवा. तू काय म्हणालास तेही गेलं होतं. दोन दिवसांनी तो लाकडं आणायला खोपीत गेला आणि काखेत फोटो घेऊन आला. काच बाहीने पुसली, म्हणाला, “याला तिथं कुणी ठेवला? गारठेल तो,” आणि खिळ्याला परत टांगला. तेव्हापासून रोज विचारतो, ओइवा शनिवारी येतोय ना.

पण तू गेल्या नाताळला पाठवलेला फोटो, दाढीवाला, तो आता मी कपाटावर ठेवलाय. काल तो हातात घेऊन त्याने मला विचारलं, “हा म्हातारा कोण?” मी सांगितलं. तो हसला. “काहीतरीच काय. ओइवाला कुठं दाढी आहे?” मी विषय बदलला, पण रात्री झोप नीट लागली नाही. आगीनंतरचं जात जात आता ते तुझ्यापर्यंत येऊन पोचलंय. फोटोतल्या तुझ्या टोपीवाल्या वयापर्यंत मागे जायला त्याला किती वेळ लागेल ते डॉक्टरलाही सांगता येत नाही. तू आलास आणि बोललास तर आवाज तो ओळखील असं मला वाटतं. तुमचे दोघांचे आवाज सारखे आहेत, भांडतानाही मला कोण कुठलं बोललं ते कळत नव्हतं.

आता निरोप. जुलै महिन्यातली गोष्ट. रोज सकाळी कॉफीनंतर तो शर्ट काढून माझ्याकडे पाठ करून बसायचा, मी जुनी पट्टी सोलायची आणि नवी लावायची. तोंड दुसरीकडे असलं की त्याला बोलायला सोपं जातं. त्या सकाळी तो म्हणाला, “ओइवाला बोलवायचं नाही.” मी म्हटलं, कोण बोलवतंय? “आत्ता नाही बोलवायचं. आत्ता मला सगळं आठवतंय. आला तर मी त्याला दारातनं हाकलीन, आणि ते मला करायचं नाहीये.” मी नवी जागा बघून पट्टी दाबून धरली. “डॉक्टर म्हणाली ना, अलीकडचं आधी जातं?” म्हणाली, मी म्हटलं. “मग ते भांडण माझ्या डोक्यातनं गेलं की लगेच त्याला बोलव. वेळ काढत बसू नकोस, त्याच्या मागोमाग तोही जाईल. आणि त्याला सांग, आला की माफी मागायची त्याला खाज सुटेल, तर गप्प बस. मला आठवण करून द्यायची नाही. नीट विसरू दे.” मी बराच वेळ पट्टीवर हात ठेवून होते, ती चिकटायला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ. “लावलीस का?” त्याने विचारलं. लावली, म्हटलं. “मग शर्ट दे.” तेव्हापासून हा निरोप माझ्याकडे आहे, आणि ज्याने दिला त्याला तो आता माहीत नाही. येत्या शनिवारी सौना तापवते आहे. येत्या शनिवारी नाही जमलं तर त्याच्या पुढच्या, त्यापुढचं मी सांगत नाही. एका गोष्टीची तयारी करून ये. तो तुला हाताला धरून काठावर नेईल आणि बाबांचा सौना कुठं गेला म्हणून विचारील. मी त्याला आजवर काहीबाही सांगत आले. तू काय सांगायचं ते तुझं तू ठरव, स्वीडनहून येताना बोटीवर तुला अख्खी रात्र आहे.

तुम्हा दोघांच्या मध्ये उभी असलेली,
तुझीच वहिनी
इर्या